गैरहजर माणसांच्या वतीने

छोट्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या प्रकल्पाला सीआय, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा, हवी की नको, हा वाद दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खड्ड्यांत जाऊन पडतो. एका बाजूचे म्हणणे असे, की हे मोठ्या कंपन्यांचे सोपस्कार. चार हौशी माणसांच्या प्रकल्पात त्यांचे काय काम? दुसरी बाजू रेपोच्या, म्हणजे कोड ठेवायच्या जागेच्या, पहिल्या पानावर ‘सगळे ठीक’ सांगणारा हिरवा बिल्ला लावते आणि कोणी काही विचारले की त्या बिल्ल्याकडे बोट दाखवून मोकळी होते. मग चर्चा कोणती सेवा फुकट, कोणती वेगवान, सेटिंगची फाइल किती ओळींची यावर घसरते आणि तिथेच विरते. टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवायच्या त्या कोणासाठी, हा प्रश्न तसाच राहतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या दिवशी प्रकल्पात दुसऱ्या माणसाचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, येईल, त्याच दिवशी सीआय बसवावे. हात आखडून, लागेल तेवढेच बसवावे. आणि ते लाल झाले, म्हणजे टेस्ट नापास झाल्या, तर प्रकल्प सांभाळणाऱ्या खुद्द मेंटेनरलाही तो बदल मर्ज करता, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळता, येऊ नये. का, तर एखाद्या बदलावर चर्चा चालू असताना ज्यांचे नुकसान व्हायचे असते ती माणसे बहुधा तिथे हजरच नसतात, आणि त्यांच्या वतीने बोलायला टेस्टशिवाय दुसरे कोणी नसते.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सीआय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन. कोणी बदल पाठवला की दूरवरचे एक कोरे यंत्र तो उचलते, सगळा प्रकल्प पहिल्यापासून बिल्ड करते, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवते, टेस्ट चालवते आणि हिरवे की लाल ते सांगते. यात ‘कोरे’ हा शब्द महत्त्वाचा. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या मशीनवर तीन वर्षांत साचलेल्या कितीतरी गोष्टी गुपचूप त्याच्या मदतीला आलेल्या असतात, एवढेच.

आता माझीच फजिती सांगतो. देवनागरी मजकूर साफसूफ करून देणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा कोड, मी सांभाळतो. एका हिंदीभाषक तरुणाने तिच्यासाठी पॅच पाठवला: नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, काढून टाकायचा. हिंदीत ‘ज़रूर’ही लिहितात आणि ‘जरूर’ही, शोधणाऱ्याला दोन्ही सापडायला हवेत. मागणी रास्त, पॅच सात ओळींचा, सुबक. मी तो बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर वाचला, अंगठा दाखवला आणि मर्ज केला. आता गंमत अशी, की संगणकात अक्षरे साठवायच्या युनिकोड या पद्धतीत ‘ऱ’ हे अक्षर सुटे केले की त्याचे ‘र’ आणि नुक्ता असे दोन तुकडे पडतात. नुक्ता गेला की ऱ चा र होतो, आणि ऱ्य चा र्य. शोधासाठी केलेला तो बदल छापायच्या मजकुरातही शिरला, कारण दोन्हीकडे मी एकच फंक्शन वापरले होते. भटकंतीची टिपणे लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी काही महिन्यांनी कळवले, की त्यांच्या पानावर सह्याद्रीच्या दऱ्यांच्या जागी सह्याद्रीच्या दर्या आल्या आहेत. ऐन डोंगरात समुद्र! मी शरमेने त्याच रात्री दुरुस्ती केली. टेस्ट मात्र लिहिली नाही. ऱ्य उमटवायची दुसरीही एक रीत आहे: र, त्याला हलन्त, आणि मागे एक न दिसणारे चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. वर्षभराने दुसऱ्या एकाने ‘अदृश्य कचरा काढला’ अशा मथळ्याचा पॅच पाठवला. मी तोही घेतला. आचाऱ्याला हाक मारावी तर आचार्य हजर, अशी गत पुन्हा झाली.

दोष त्या दोघांचा नव्हता. पहिल्याची भाषा हिंदी. तिच्यात हे ऱ्य येतच नाही. चूक माझी. दर्या आणि दऱ्या हा फरक शाळेत शिकलेला मी, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून होकार दिला, तोही दोनदा. आणि इथेच ‘नीट रिव्ह्यू केला, म्हणजे बदल डोळ्यांनी वाचून तपासला, की सीआय लागत नाही’ या युक्तिवादाचा पाय मोडतो. त्या सात ओळींत ऱ कुठेच नव्हता. जे बदलले ते रिव्ह्यू करणाऱ्याला दिसते; जे बदलायला नको होते ते त्या पानावर नसतेच, मग ते दिसणार कसे? भटकंतीवाले गृहस्थ त्या चर्चेत असते तर पहिल्याच मिनिटाला ओरडले असते. पण ते का असावेत? त्यांना डोंगर चढायचे आहेत, माझे पॅच वाचायचे नाहीत. आज त्यांच्या जागी टेस्टमध्ये एक ओळ बसली आहे: दऱ्या दिले तर दऱ्याच परत यायला हवे, दोन्ही रीतींनी लिहिलेले. मी झोपेत असलो, बसमध्ये असलो किंवा उद्या हा उद्योग सोडून दिला, तरी ती ओळ तिथेच बसून राहील.

‘हे ऑफिसातले खूळ’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हे शब्द १९९१ मध्ये सॉफ्टवेअर अभियंते ग्रेडी बूच यांनी वापरले, आणि त्याची आजची शिस्त १९९० च्या दशकात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात घडली. पगारी माणसांनी पगाराच्या हिशेबासाठी घडवलेली ही गोष्ट. पण तिची गरज कोणाला जास्त? ऑफिसात शेजारच्या टेबलावर जाऊन ‘अरे, हे असं का लिहिलंयस?’ असे विचारता येते. ओपन सोर्समध्ये ते टेबलच नसते. माणूस येतो, एक पॅच देतो, लग्न करतो, नोकरी बदलतो, नाहीसा होतो. त्याचा कोड राहतो आणि ‘असे का’ हे त्याच्याबरोबर जाते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांनी हे फार आधी ओळखले. २००४ पासून त्यांचे ‘बिल्डफार्म’ चालू आहे. जगभरचे स्वयंसेवक आपापली यंत्रे, त्यांत इतर कुठे दिसणार नाहीत असे जुनाट प्रोसेसरही, या कामाला देतात. प्रत्येक यंत्राला प्राण्याचे नाव असते. कोडमध्ये नवा बदल गेला की ही जनावरे आपापल्या गोठ्यात तो चालवून पाहतात आणि एखाद्याला पचला नाही तर कळवतात. त्या जुन्या यंत्राचा मालक चर्चेत एक शब्द न बोलताही तिथे हजर असतो. यात कोणत्या बड्या कंपनीचा सोपस्कार आला?

मग लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, उदाहरण तोंडावर फेकले जाते: तिथे पॅच ईमेलने जातात, लाल बदल अडवणारे एकच एक अधिकृत फाटक नाही, तरी जग त्यावर चालते. खरे आहे. फक्त ही गोष्ट अर्धी सांगितली जाते. २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट नावाची शाखा वेगवेगळ्या मेंटेनरांचे काम जवळजवळ रोज एकत्र करून बिल्ड करते. मेलिंग लिस्टवर पडलेले पॅच इंटेलचा झिरो-डे बॉट आपणहून तपासतो आणि मोडतोड झाली तर पाठवणाऱ्याला पत्र लिहितो. शिवाय कर्नलसीआय ही तपासणीची यंत्रणा आहेच. फाटक एक नाही, पण पहारे पुष्कळ आहेत.

‘रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायच्या, आधी एकदा सगळे तपासू की’ हे मला सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य. याला मी एकनाथांची आठवण देतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली. कोणाची नजर चुकली, कोणी आपली ओवी घुसवली, कोणाला शब्द जुना वाटला म्हणून त्याने बदलला. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीनशे वर्षांचे मर्ज एका माणसाने एकदम केले! नाथ होते म्हणून जमले. तुमच्या-माझ्या प्रकल्पात रिलीजच्या आदल्या रात्री तीन महिन्यांचे पॅच समोर घेऊन बसणारा कोणी नाथ नसतो. आणि काम झाल्यावर नाथांनी काय केले? यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, घातलीच तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल, अशी ताकीद लिहून ठेवली. म्हणजे मेन ब्रँच, कोडची मुख्य प्रत, बंद. आजही या मार्गाने जाणारा एक नामवंत प्रकल्प आहे, एसक्यूलाइट हा डेटाबेस. कोड सर्वांना खुला, बाहेरच्यांचे पॅच मात्र सहसा घेत नाहीत. इतके दार लावूनही त्यांची तयारी काय, तर २०२३ मधल्या त्यांच्याच मोजणीनुसार सी भाषेतला मूळ कोड १ लाख ५५ हजार ८०० ओळींचा आणि टेस्टचा कोड त्याच्या ५९० पट. दार लावून बसलेले इतके जपतात; आपण तर दाराला तोरण बांधून ‘या, पॅच द्या’ म्हणतो. आपल्याला ५९० पट नको, दहा टेस्ट पुरतील. पण शून्य?

आता विरोधकांचा खरा जोर जिथे आहे तिथे येतो. पहिला मुद्दा उसन्या यंत्राचा. २०११ मध्ये बर्लिनहून ट्रॅव्हिस सीआय ही सेवा सुरू झाली आणि ओपन सोर्ससाठी फुकट होती. एक छोटी फाइल टाकली की झाले. हजारो प्रकल्प त्यावर विसंबले. २०१९ मध्ये कंपनी विकली गेली, नोव्हेंबर २०२० मध्ये अमर्याद फुकट वापर बंद झाला आणि २०२१ च्या जूनमध्ये त्यांचे ओपन सोर्ससाठीचे जुने ठिकाणच मिटले. कोणाकोणाचे चोरून क्रिप्टो नाणी खणणारे प्रोग्राम त्या फुकट यंत्रांवर चालत होते, हेही त्याला एक कारण. ज्यांनी आपल्या टेस्टची सगळी अक्कल त्या एका कंपनीच्या फाइलमध्ये लिहून ठेवली होती, त्यांचे कित्येक रविवार ती फाइल दुसऱ्या सेवेच्या बोलीत उतरवण्यात गेले. हा अनुभव खोटा नाही, आणि आजची फुकट सेवा उद्या तेच करणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण यातून निघते काय? यंत्र उसने असले तरी टेस्ट आपल्या असाव्यात, एवढेच. एक आज्ञा असावी, ‘मेक टेस्ट’ म्हणा, जी माझ्या लॅपटॉपवर सगळे चालवते. सेवेच्या फाइलने ती आज्ञा द्यायची आणि गप्प बसायचे. माझी ती फाइल अकरा ओळींची आहे. घर भाड्याचे असले तरी भांडी आपली असावीत, म्हणजे घर बदलताना टेम्पो पुरतो.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर: सीआय हीच चोरवाट होते. मार्च २०२५ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरचा, सीआयमध्ये वापरायचा ‘टीजे-ॲक्शन्स’चा एक तयार तुकडा कोणीतरी भ्रष्ट केला. २३ हजारांहून अधिक रेपो तो वापरत होते. व्हर्जनची जुनी नावेच नव्या, विषारी कमिटकडे, म्हणजे नोंदवलेल्या बदलाकडे, वळवली गेली आणि प्रकल्पांच्या गुप्त किल्ल्या सीआयच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींत, छापल्या जाऊ लागल्या. यावर ‘सीआयच नको’ हे उत्तर मला पटत नाही. ‘सीआयच्या हाती किल्ल्या नकोत’ हे पटते. अनोळखी माणसाचा पॅच तपासणाऱ्या यंत्राला फक्त वाचायची परवानगी द्यावी, दुसऱ्याचा तुकडा वापरलाच तर व्हर्जनच्या नावावर न विसंबता त्याच्या कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारी त्याची खूण, लिहावा, आणि रिलीज करणारी वाट वेगळी ठेवावी. आणि खरे सांगायचे तर दहा टेस्टच्या प्रकल्पाला दुसऱ्यांचे तयार तुकडे लागतात कशाला?

आणि मग एक्सझेड. हे उदाहरण मी टाळू शकत नाही, कारण ते माझ्या बाजूला सर्वांत जास्त टोचते. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी आणि पुन्हा उलगडणारी लायब्ररी. मार्च २०२४ मध्ये उघड झाले, की तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा होता, आणि त्याचा विषारी ऐवज लपवला कुठे होता, तर टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत! टेस्टच्याच पोटात. सीआय हिरवेच होते. पकडले ते आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएचने दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो या संशयावरून. आणि ते पोस्टग्रेसचे विकासक आहेत, त्या वेळीही पोस्टग्रेसचा वेग मोजत होते. तर हिरवी खूण म्हणजे कोड चांगला, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण रोज सकाळी वाचावे. हिरव्याचा अर्थ इतकाच, की जे प्रश्न आपण विचारून ठेवले त्यांची उत्तरे कालच्यासारखीच आली. न विचारलेल्या प्रश्नाला अर्धा सेकंद खटकणारा माणूसच लागतो. मी फक्त विचारतो, तो माणूस ऱ्य-र्य तपासत बसलेला हवा, की त्या कामातून मोकळा झालेला? त्या प्रकरणात आणखी एक बारीक गोष्ट होती: चोरदरवाजा जागा करणारा एक दुवा रेपोत नव्हताच, मेंटेनरने हाताने बांधून ठेवलेल्या रिलीजच्या गठ्ठ्यात होता. तो गठ्ठा एखाद्या कोऱ्या यंत्राने थेट रेपोतून बांधला असता, तर निदान ही एक फट राहिली नसती.

‘यंत्रावर विसंबून माणसे ढिली पडतील’ हे तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे वाक्य आहे. इंग्लंडमध्ये रेल्वेचे सरकारी निरीक्षक कंपन्यांच्या मागे लागले होते, की गाडीचा रूळ बदलणारे सांधे आणि सिग्नल एकमेकांत असे अडकवा, की सांधा चुकीचा असताना सिग्नल पडूच नये. एका टप्प्यात एकच गाडी सोडा. कंपन्या म्हणत, खर्च फार, शिवाय यंत्र आले की ड्रायव्हर नि सिग्नलवाले बेसावध होतील. १२ जून १८८९ ला आयर्लंडमधल्या आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि ठराविक मिनिटांच्या अंतराने मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले. त्याच वर्षी हे सगळे सक्तीचे करणारा कायदा झाला. आपल्याकडेही एकेरी मार्गावर स्टेशनमास्तरने दिलेला परवान्याचा गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. त्या गोळ्याने किती ड्रायव्हर आळशी झाले? दोन पॅच स्वतंत्रपणे हिरवे आणि एकत्र आले की लाल, असे मोठ्या प्रकल्पांत होते, कारण एकाने फंक्शनचे नाव बदललेले असते आणि दुसऱ्याने जुन्याच नावाने हाक मारलेली असते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसारखे प्रकल्प म्हणून मर्जची रांग लावतात: एका वेळी एक बदल, तोही ताज्या कोडवर तपासून. गोळ्याचीच युक्ती. चार जणांच्या प्रकल्पाला ती रांग लागत नाही, हेही कबूल.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. नवा मुलगा धीर करून पहिला पॅच पाठवतो आणि तीन मिनिटांत त्याच्या नावापुढे लाल फुली पडते. कारण काय, तर ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे. तो पुन्हा येत नाही. हे पाप सीआयच्या नावावर जमा होते, आणि व्हायलाच हवे. स्पेस, स्वल्पविराम, ओळीची लांबी या गोष्टी यंत्राने स्वतः नीट कराव्यात, माणसाला त्यासाठी अडवू नये. लाल रंग कोणाचे तरी काही मोडले असेल तरच दिसावा. लहरी टेस्टचेही तसेच. सोसायटीत एखाद्या गाडीचा अलार्म रोज रात्री मांजर बसले तरी वाजतो. आठवड्याने कोणी खिडकीतूनही बघत नाही, आणि मग एका रात्री खरोखरच गाडी जाते. दहातून एकदा विनाकारण लाल होणारी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढावी, सावकाश दुरुस्त करावी. माझ्याकडे विंडोजवरची अशी एक टेस्ट आठ महिने बाजूला पडून आहे. लाज वाटते, पण चालू ठेवण्यापेक्षा बरी.

आणि मेंटेनरलाही फाटक लागू का, तर दोन्ही वेळा अंगठा मीच दाखवला होता म्हणून. रात्री साडेअकराला ‘एवढे आत जाऊ दे, सकाळी बघू’ म्हणणारा प्रकल्पात बहुतेक वेळा मालकच असतो.

गेल्या महिन्यात पोलंडमधल्या एका मुलीने पॅच पाठवला. लायब्ररी दुप्पट वेगाने चालावी म्हणून तिने साफसफाईचा क्रम बदलला होता. चार मिनिटांनी यंत्राने लिहिले: अपेक्षित ‘दऱ्या’, मिळाले ‘दर्या’. तिने मला विचारले, मला हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात, नक्की काय बिघडले? मी एक फोटो अरबी समुद्राचा आणि एक कोकणकड्याखालच्या दरीचा पाठवला. दुसऱ्या दिवशी पॅच दुरुस्त होऊन आला, आणि सोबत एक टेस्ट होती जी मी मागितलेली नव्हती. युनिकोडचा तक्ता धुंडाळताना तिला ऱ सारखेच नुक्त्यात फुटणारे आणखी एक अक्षर सापडले होते, ऴ. ‘तमिऴ’ हा शब्द देवनागरीत लिहिताना ते लागते. माझ्या लायब्ररीतून गेलेले असे किती शब्द आजवर बिघडले असतील, ते मी अजून मोजतो आहे.